काळे दगड, पांढरं निशाण

शेळ्या पुढे निघून गेल्या होत्या. सब्हा वळणाशी आली, तेव्हा तिला ते दिसलं... आणि तिचे पाय जागीच थांबले.

तिच्या बापाच्या बागेच्या तोंडाशी काळ्या दगडांची एक रास उभी होती. खाली रुंद, वर निमुळती, कोणीतरी अगदी मन लावून रचलेली. डोंगर तांबडा, वाळू फिकट गुलाबी, आणि त्यात ती रास, धुतलेल्या कपड्यावर शाई सांडावी तशी.

हजारिया कबिल्यात काळी रास कोणी सहज रचत नाही. ज्याच्या दारात ती उभी राहते त्यानं शब्द दिला आणि मोडला, असा तिचा अर्थ. येणारा-जाणारा तिच्यावर एकेक दगड टाकतो. थुंकणारे थुंकतात. सब्हाच्या बापानं, औदानं, उसना आणलेला दोरखंडसुद्धा कधी उशिरा परत केला नव्हता.

वरच्या बाजूनं कोणीतरी गुणगुणत होतं. तिनं मान वर केली. ओढ्याच्या पुढच्या वळणावर, खालिदच्या बागेच्या तोंडाशी, एक तरुण माणूस गुडघ्यावर बसून दगडावर दगड ठेवत होता. प्रत्येक दगड ठेवला की मागे सरकून, मान तिरपी करून तो बघायचा – नीट दिसतंय ना...

सब्हानं कमरेची गोफण सोडली. दगड सणसणत गेला आणि त्याची रास मधोमध फुटली.

तो उडालाच. मग वळून त्यानं तिच्याकडे पाहिलं, फुटलेल्या राशीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "डोक्याला लागला असता."

"डोक्याला मारला नव्हता. मारला असता तर लागला असता."

तो खरंतर घाबरायला हवा होता. पण त्याचा चेहरा उजळला, जणू कोणीतरी त्याला चांगली बातमी सांगितली होती. त्याच्या डोक्याचा रुमाल किनाऱ्यावरच्या लोकांसारखा मागे बांधलेला होता, आणि गालांची कातडी खाऱ्या वाऱ्यानं खरखरीत झाली होती. बहारिया कबिल्याचा दिसत होता. समुद्रावरचा माणूस इतक्या वर...

"माझ्या बापानं तुझं काय बुडवलंय?" तिनं विचारलं.

"तुझा बाप कोण?"

हे ऐकून मात्र ती गडबडली. ज्याच्या दारात काळं उभं केलं तो कोण हेही याला ठाऊक नव्हतं.

मग त्यानं सांगितलं. नाव सुवेलम. समुद्रापासून वरच्या पठारापर्यंत तीन कबिल्यांच्या मुलखातून एक वाट काढायचं ठरलं होतं. पायी चालणारे लोक येतील, शहरातून, परदेशातून. प्रत्येक कबिला आपल्या मुलखात वाट आखेल, आपल्या मुलखात पाहुण्यांना चालवील आणि हद्दीवर पुढच्याच्या हवाली करील. त्यानं किनाऱ्याचा भाग आखून संपवला. खिंडीत हजारियांची माणसं भेटायची होती. कोणीच आलं नाही. म्हणून मग... म्हणून तो तसाच पुढे आला.

"आमचा किनारा पांढरा," तो म्हणाला. "त्यावर काळी रास लांबून दिसते. होडीतल्याला ती दिसली की कळतं, घर इथं आहे, ये. ती रचायला बायका दगड शोधून आणतात."

"आणि इथं तिचा अर्थ – या, थुंका."

तिनं नीट समजावून सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यानं मागे, खालच्या दरीकडे पाहिलं.

"किती रचल्यास?"

"प्रत्येक वळणावर एक."

"वळणावरच बागा असतात आमच्या."

"हो... ते आता लक्षात आलं."

सब्हाच्या तोंडावर शेला होता, नुसते डोळे उघडे. त्यामुळे ती रागावली आहे की हसते आहे, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. तिला स्वतःलाही नीटसं कळत नव्हतं.

दोघं पळत सुटली. ती पुढे, तो मागे, एकेक रास पाडत, दगड ओढ्यात भिरकावत. पण उशीर झाला होता. सब्हाचा चुलतभाऊ अतवा सकाळीच पिकअप घेऊन खालच्या रस्त्यानं गेला होता, आणि औदाच्या दारातली रास त्याच्या मोबाइलमधून निघून एव्हाना साऱ्या कबिल्यात फिरली होती. काकाच्या दारात काळं उभं राहिल्याचं दुःख अतवाला झालंच असेल. पण त्यानं फोटो फार छान काढला होता.

शेख मुतीर बाभळीखाली बैठकीला बसले, तेव्हा सुवेलमनं काही लपवलं नाही. चूक सांगितली, माफी मागितली. काहीजण हसले, काहीजण हसले नाहीत. वाटेचं काम इथंच थांबवा, असंही कोणी म्हणालं. शेख मुतीर कमी बोलणारे होते. शब्द त्यांच्या तोंडून गेला की तो कायदा, म्हणून ते तो आधी तोंडात बराच वेळ धरून ठेवत.

"काळं केलंस, आता पांढरं कर," ते शेवटी म्हणाले. "ज्या ज्या चुलीपर्यंत ही बातमी पोचली, तिथं पांढरं निशाण घेऊन जा आणि मोठ्यानं सांग की औदाचं आणि बाकीच्यांचं तोंड उजळ आहे. मग वाटेचं बोलू."

शिक्षा सोपी वाटत होती. पण त्या दिवसांत निम्म्या चुली वर होत्या. बायका शेळ्या घेऊन उंचावरच्या कुरणांत गेलेल्या, एक तंबू या कड्याखाली, दुसरा त्या पलीकडे. तिकडे जायची वाट एकाही पुरुषाला धड सांगता येईना. पिढीभर सगळे पुरुष किनाऱ्यावरच्या हॉटेलांत आणि रस्त्यांच्या कामावर. वर फक्त शेळ्या आणि शेळ्यांमागे बायका. अतवा म्हणाला, गाडी जाईल तिथपर्यंत मी सोडतो. गाडी जाईल तिथं एकच चूल होती.

"मी नेते," मागून सब्हा म्हणाली.

पुरुष मंडळी वळून बघायला लागली.

"तोंडाला काळं आमच्या लागलंय. ते पुसलं जातंय की नाही, हे आमच्यातल्या कोणीतरी बघायला नको?"

औदा उठला आणि गाढवावर पाण्याचे डबे बांधायला लागला. त्या घरात परवानगी अशीच मिळायची. सोबत हमदा आत्या निघाली, औदाची मोठी बहीण, विधवा, एका कानानं बहिरी. कोणत्या कानानं, ते प्रसंगावर असायचं.

पुढे सब्हा, मध्ये गाढवावर आत्या, मागे निशाण घेतलेला सुवेलम. अशी ती मिरवणूक डोंगर चढायला लागली.

पहिल्याच चढावर तो दोनदा घसरला.

"समुद्रात असाच चालतोस का?" तिनं मागे न बघता विचारलं.

"समुद्रात कोणी चालत नाही."

"दिसतंच आहे."

आत्या गाढवावर डुलत होती. तिचे डोळे मिटलेले, पण तोंडाचे कोपरे जागे होते.

पहिल्या तंबूशी त्यानं निशाण उंच धरलं आणि आवाज दिला. लाटांवरून हाक मारायची सवय असलेला तो आवाज. समोरच्या कड्यानं तो घेतला आणि परत केला. औदाचं तोंड उजळ आहे... उजळ आहे... तंबूतल्या बाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, माझ्या शेळ्या बिथरल्या, आता एवढ्या लांब आलाच आहात तर चहा घ्या. दुसऱ्या तंबूत तसंच. तिसऱ्या तंबूतल्या म्हातारीला ती काळ्या राशीची बातमीच पोचली नव्हती. तेव्हा आधी त्याला सगळी चूक सविस्तर सांगावी लागली, मगच ती पुसता आली. सब्हा त्या वेळी पाठ फिरवून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

"हसतेस," तो नंतर म्हणाला.

"मला खोकला झालाय."

"मघाशी नव्हता."

"आत्या, हा काय म्हणतोय बघ."

"मला काही ऐकू येत नाही," आत्या म्हणाली. "पुन्हा म्हण म्हणावं त्याला, जरा मोठ्यानं."

दुपारी पाणी संपत आलं. सुवेलम मुकाट्यानं चालत होता, पण तो डब्यांकडे बघतोय हे तिला कळलं. तिनं वाट सोडली आणि तांबड्या खडकातून वर जाणाऱ्या एका काळ्या पट्ट्याच्या कडेनं चढायला लागली. डोंगराला शीर असावी तसा तो पट्टा, वीतभर-हातभर रुंद होत गेलेला. एका जागी तिनं खडकावर तळहात टेकला, जरा थांबली, मग खालची वाळू उकरली. वाळू आधी ओलसर झाली, मग काळपट, मग हळूच पाण्यानं भरली.

"डोंगरातलं पाणी उतरत येतं आणि या काळ्या दगडाशी अडतं," ती म्हणाली. "तो त्याला पुढे जाऊ देत नाही."

तो ओंजळीनं प्यायला. मग तोंड पुसत म्हणाला, "म्हणजे तुमच्यात काळा दगड चांगलाही असतो."

"दगड चांगलाच असतो. रचणारा बघून घ्यावा लागतो."

"बघितलास?"

शेला नीट होता, तरी तो तिनं पुन्हा एकदा नीट केला.

संध्याकाळच्या सुमारास ढग आले. त्या डोंगरात पाऊस म्हणजे बातमीच. मोठे, विरळ थेंब... खडकावर पडले की तिथंच वाळून जाणारे. पण तेवढ्यानंही रानातल्या कडू झुडपांचा वास उठला आणि हवा भरून गेली. एका कपारीखाली तिघं आणि गाढव दाटीवाटीनं बसली. सब्हानं काटक्या पेटवल्या, कणीक मळली, निखारे बाजूला सारून भाकरी सरळ गरम राखेत पुरली. तो तिच्या हातांकडे बघत होता. हातांकडेच, कारण बाकी काही दिसत नव्हतं. शेवटी तिनं निखाऱ्यावर फुंकर मारली आणि राख त्याच्या तोंडावर उडाली.

"चुकून," ती म्हणाली.

"डोळ्याला मारली असती तर डोळ्याला लागली असती, हो ना?"

आत्या झोपेत हसली. किंवा झोपेत नाही.

मग तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, "सब्हा... मी सकाळपासून मोजतोय. टप्प्याटप्प्यावर पाणी आहे. मुक्कामाला जागा आहे. चढ कठीण आहे, पण सारखा नाही. चुलीमागून चूल करत आपण जे चाललोय ना... तीच वाट आहे. मी खाली ओढ्यात शोधत होतो ती."

"मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तू पहिल्यांदा घसरलास तेव्हापासून. इथं लोक चालतील का, असं मनात आलं, आणि तू घसरलास. म्हटलं, हा चालला तर कोणीही चालेल."

तो हसला. मग म्हणाला, "पण दाखवलीस तर ती सगळ्यांची होईल. तुला नाही वाईट वाटणार?"

तिनं भाकरी राखेतून काढली, आपटून राख झाडली आणि तीन तुकडे केले.

"ही वाट बायकांची आहे, म्हणून हिला कोणी वाट म्हणतच नाही. शेळ्या जातात, त्यांच्यामागे बाया जातात. लोक हिच्यावरून चालायला आले की वाट म्हणावं लागेल. आणि त्यांना मी चालवणार. दुसरं कोणी नाही."

हे ती आजवर कोणाशी बोलली नव्हती. बोलल्यावर तिला वाटलं, आता हा हसेल, निदान शेखांचं नाव तरी घेईल.

"मग मी खालून त्यांना घेऊन येईन," सुवेलम म्हणाला, "आणि खिंडीत तुझ्या हवाली करीन."

एवढंच म्हणाला. पण त्या रात्री सब्हाला झोप उशिरा लागली.

सगळ्या चुली उजळून झाल्यावर पुन्हा बैठक बसली, आता तिन्ही कबिल्यांची. वरची वाट सर्वांना पटली. औदाच्या बाभळीखाली चहा फिरत होता, बायका जरा मागे बसल्या होत्या, आणि प्रश्न एकच उरला होता. हजारियांच्या मुलखात पाहुण्यांना चालवायचं कोणी?

"मी," अतवा म्हणाला.

पठारावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, वाट ठाऊक आहे का. अतवा म्हणाला, त्यात काय, होईल. हा किनाऱ्यावाला चालून आलाय, तो सांगेल. आणि नाहीतरी... तो जरा हसला. नाहीतरी लग्नानंतर सब्हा मागून सांगत येईलच.

पुरुष हसले. त्या लोकांत मुलीवर पहिला हक्क चुलतभावाचा, तो त्यानं सोडल्याशिवाय दुसऱ्या कोणी मागणी घालायची नाही. अतवानं हक्क कधी सांगितला नव्हता आणि कधी सोडलाही नव्हता. दारात बांधून ठेवलेल्या उंटासारखा तो हक्क होता – लागेल तेव्हा बघू.

शेख मुतीरनी मान हलवली. वाटाड्या मुलखाचा हवा, आणि आजवर तो पुरुषच असत आलाय. ते सुवेलमकडे वळले. "तू चालून आलास. सांग अतवाला. पहिल्या चढानंतर कुठं वळायचं?"

सब्हानं सुवेलमकडे पाहिलं. त्याला सगळं ठाऊक होतं. प्रत्येक वळण, प्रत्येक पाणी. तिनंच तर दाखवलं होतं. आत्ता त्यानं तोंड उघडलं की वाट अतवाची.

"आठवत नाही," तो म्हणाला.

"परवा तर आलास."

"आलो. पण शेख... मी वाटेकडे बघतच नव्हतो."

पेले हातातच राहिले. त्याच्या पुढे कोण चालत होतं, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. औदाची बोटं काठीवर घट्ट झाली. अतवा उठून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ऐकलंत ना काका, हा काय म्हणतोय, आपल्या पोरीबद्दल, आपल्याच झाडाखाली बसून...

सब्हा बायकांतून उठली. कोणीतरी तिचा शेला धरला, तो तिनं सोडवला. हमदा आत्यानं धरला नव्हता.

"त्यानं बघितलं," ती म्हणाली. "मध्ये गाढव होतं, गाढवावर आत्या होती. त्यानं ना हात लावला ना वावगा शब्द काढला. नुसतं बघितलं. आणि मला ते ठाऊक होतं. चढावर... मी जरा हळू चालले. माझ्याकडून एवढंच."

ती शेखांकडे वळली.

"आता वाटेचं बोला. ती कोणाच्या मोबाइलमध्ये नाही, माझ्या पायांत आहे. मी नेली तर ती मिळेल. कोणाच्याही मागून सांगत मी येणार नाही, नवऱ्याच्या नाही आणि भावाच्याही नाही. बाई नको असेल तर पाहुण्यांना गाडीच्या रस्त्यानं न्या. धूळ खातील आणि परत जातील."

अतवाचं तोंड लाल झालं. "भर बैठकीत असं बोलणारी मला नको," तो म्हणाला.

शेख मुतीरनी हात वर केला. ते शब्द तोंडात धरून ठेवायचे, पण दुसऱ्याचा शब्द पडला की तो लगेच उचलायचे.

"सगळ्यांनी ऐकलं? अतवानं हक्क सोडला."

अतवानं तोंड उघडलं. समोर तीन कबिले बसले होते. बोललेला शब्द तीन कबिल्यांसमोर मागे घेणं त्याला जमेना. तो खाली बसला आणि थंड झालेला चहा पिऊन टाकला.

"औदा," शेख म्हणाले, "तुझी मुलगी आहे. तू बोल."

औदा जमिनीकडे बघत होता. सब्हाला वाटलं, बाबा आता उठतील आणि कुठंतरी पाण्याचे डबे बांधायला निघून जातील. पण तो बोलला.

"या डोंगरात माझी शेळी हरवली, तर मी कोणाला विचारतो?" त्यानं सगळ्यांकडे पाहिलं. "अतवाला नाही विचारत. शेख, तुम्हालाही नाही."

तेवढ्यानं झालं. पहिला गट सब्हा नेईल, असं ठरलं. पण उठता उठता शेख मुतीरनी एक शब्द आणखी टाकला. वाटाड्या मुलखाचा असतो. ज्याची चूल दुसऱ्या मुलखात गेली, त्याचा इथला हक्क गेला. बाई असो की पुरुष. हे बोलताना ते सुवेलमकडे बघत होते.

पहिला गट आला. शहरातली माणसं, मोठ्या पाठपिशव्या, नाजूक तळवे. सुवेलमनं त्यांना खिंडीत आणलं, सब्हानं तिथून घेतलं आणि पठारावर सुखरूप पोचवलं. एक बाई वाटेत रडली. दमून रडली की काय ते तिचं तिलाच सांगता येईना. सब्हानं तिला राखेतली भाकरी दिली. दुसरा गट आला, मग तिसरा. दर वेळी खिंडीत दोघांची गाठ पडायची, पाहुणे दम खात बसायचे तेवढा वेळ. तेवढा वेळ रोज मिळाला असता तरी कमीच पडला असता.

चौथ्या गटाच्या वेळी तो पाहुण्यांच्या आधीच वर पोचला. धापा टाकत.

"मी बापाला घेऊन येतोय," तो म्हणाला. "तुझी मागणी घालायला."

तिच्या डोळ्यांत जे आलं ते तिनं लपवलं नाही. पण ती म्हणाली, "आणि माझी चूल? तुझ्या किनाऱ्यावर?"

त्यानं खाली किनाऱ्याकडे पाहिलं.

"मी खाली आले की डोंगर अतवाचा. त्यासाठी मी बैठकीत उभी राहिले नव्हते."

"मग मी वर येतो. घरजावई होतो."

"हसतील तुला."

"हसू देत. मी घसरतो तेव्हा तूही हसतेसच."

"आणि तुझा समुद्र? वर चूल मांडलीस की तुझा किनारा जातो, तोच कायदा तुलाही आहे." तिनं मान हलवली. "नाही. मी माझं सोडणार नाही आणि तुला तुझं सोडायला लावणार नाही. असलं लग्न करायचंच नाही मला, ज्यात एकानं दुसऱ्याचं गिळून टाकायचं."

"मग काय करायचं, सब्हा?" पहिल्यांदाच त्याचा आवाज थकलेला होता.

हाताला काम हवं म्हणून तिनं चहाचे पेले विसळले आणि पाणी तिथंच, खिंडीच्या मधोमध, दोन्ही मुलखांच्या हद्दीवर, खडकावर ओतलं. पाणी क्षणभर थांबलं. मग अर्धं समुद्राकडे निघालं, अर्धं डोंगराकडे. ती बघत राहिली.

"सुवेलम," ती हळूच म्हणाली, "तंबूत चुली किती असतात?"

"दोन. पडद्याच्या एका बाजूला पुरुषांची कॉफीची, दुसऱ्या बाजूला बायकांची भाकरीची. का?"

ती नुसती त्या ओल्या रेषेकडे बघत होती. त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो इतक्या मोठ्यानं हसला की खालून येणारे पाहुणे थबकले.

"इथं? अगं, इथं कोणी राहतं का? वाऱ्याचं घर आहे हे."

"तंबू बाई विणते. जिनं विणला तिचा तो. माझा तंबू मी कुठं उभा करायचा, हे वारा ठरवणार नाही, आणि शेखही नाहीत."

विणायला तिला हिवाळा लागला. काळ्या शेळ्यांचे केस, एकेक पट्टी. दोन्ही गावं म्हणाली, वेडी आहेत. तंबू पहिल्यांदा उभा केला तो वाऱ्यानं सकाळच्या आत पाडला. दुसऱ्यांदा दोर लांब केले, तोही पाडला. तिसऱ्यांदा खुंट्या काढून टाकल्या आणि दोर सरळ खडकांना बांधले. औदा आला होता मदतीला, न बोलता. सुवेलमचा बाप आला होता, तो मात्र सारखा बोलत होता. वारा आला, तंबू फुगला, होडीच्या शिडासारखा ताणला... आणि तसाच राहिला.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी शेख मुतीर चढून आले. त्यांनी तंबूला पूर्ण एक फेरी मारली.

"तुझी चूल?" त्यांनी सब्हाला विचारलं.

"इकडे, डोंगराच्या बाजूला."

"त्याची?"

"तिकडे, समुद्राच्या."

शेखनी पखालीतून ओंजळभर पाणी घेतलं, पडद्याच्या बरोबर खाली ओतलं आणि वाकून बघत राहिले. पाणी दोन्हीकडे गेलं. ते बराच वेळ तोंडात शब्द धरून उभे होते.

"आणि झोपता कुठं?"

"ते कायद्यात नाही," आतून हमदा आत्या म्हणाली. तिला सगळं ऐकू आलं होतं.

शेख हसले नाहीत. पण उतरताना त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळ्या हातानं तोंड झाकलं.

ऊन कलायला लागलं, तेव्हा समुद्राकडून पाहुण्यांची रांग वर आली, पुढे सुवेलम. त्यानं त्यांना आपल्या बाजूला बसवलं, कॉफीचं भांडं चुलीवर चढवलं आणि पडद्याशी येऊन म्हणाला, "वाटाड्ये, माझा मुलूख संपला. हे तुझ्या हवाली."

"आधी त्यांना बसू दे," पलीकडून सब्हा म्हणाली. "दमलेत. आणि तूही बस. चढावर कोणी इतकं घाईनं येतं का?"

"घरी यायचं होतं."

पडद्याची कड उचलली गेली. तिचा हात बाहेर आला, हातात डोंगरी पुदिन्याचा गरम चहा. त्यानं पेला घेतला. हात मात्र लगेच मागे गेला नाही. दोन मुलखांच्या मधोमध, वाऱ्यात, त्याच्या बोटांत अडकून तो तिथंच राहिला... आणि पाहुणे सभ्य होते, ते समुद्राकडे बघत बसले.